चोवीस तासांचा पुरुष, अठ्ठावीस दिवसांची बाई?

हल्ली एक वाक्य सगळीकडे कानावर पडतं. "पुरुषांचं हार्मोनचं चक्र २४ तासांचं, बायकांचं २८ दिवसांचं. नऊ ते सहाची नोकरी पुरुषांच्या शरीराला बघूनच बेतलेली आहे." रीलमध्ये हे असतं, ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत महिला दिनाला बोलावलेले वक्ते हेच सांगतात आणि घोडबंदर रोडच्या जिममधला ट्रेनरही बायकांचा व्यायाम यावरूनच ठरवून देतो. त्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्नाटक सरकारनं नोकरदार बायकांना महिन्याला एक दिवस पाळीची पगारी रजा मंजूर केली आणि हे वाक्य दोन्ही बाजूंच्या हाती लागलं. एक बाजू म्हणते, बघा, म्हणूनच रजा हवी. दुसरी म्हणते, बघा, म्हणूनच बायकांना जबाबदारीच्या जागा देताना विचार करावा.

वाक्य अर्धं खरं आहे. साफ खोटं असतं तर एका ओळीत खोडता आलं असतं. अर्ध्या खऱ्याला मात्र मुळापासून धरावं लागतं.

हुकूम मेंदूतून सुटतो

हार्मोन म्हणजे रक्तातून निरोप नेणारं रसायन. शाळेच्या पुस्तकात त्याला संप्रेरक म्हणतात. एका ग्रंथीनं ते रक्तात सोडायचं आणि दूरच्या दुसऱ्या अवयवानं ते ओळखून कामाला लागायचं.

प्रजननाच्या हार्मोनांची साखळी मेंदूच्या तळाशी सुरू होते. तिथं हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. तो साधारण तास-दोन तासांनी एक निरोप खालच्या पिट्युटरी ग्रंथीला पाठवतो. निरोप मिळाला की पिट्युटरी दोन हार्मोनं रक्तात सोडते, एलएच आणि एफएसएच. पुरुषात ती वृषणांना टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू बनवायला लावतात. बाईत तीच दोन हार्मोनं बीजांडकोशाला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन बनवायला लावतात. इथपर्यंत बाई आणि पुरुष यांत फरक नाही. वरचं ऑफिस एकच, हुकूमही तेच.

मेंदूचा हा निरोप नेमका कोणत्या रसायनाचा, हे १९७१ मध्ये उलगडलं. अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलमँ हे दोन शास्त्रज्ञ एकमेकांशी चढाओढ करत होते. एकानं लाखो डुकरांच्या मेंदूंतून ते काढलं, दुसऱ्यानं मेंढ्यांच्या, आणि १९७७ चं नोबेल दोघांना मिळालं. पुढे कळलं की हा निरोप थांबून थांबून आला तरच कामाचा. सलग मिळत राहिला तर पिट्युटरी त्याकडे लक्ष देणंच सोडते. प्रोस्टेटच्या कर्करोगात टेस्टोस्टेरॉन बंद पाडायला जी इंजेक्शनं देतात, त्यांतली बरीचशी याच खुबीवर चालतात.

आता मुख्य फरकाकडे. सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. पाणी खाली गेलं की खालचा पंप सुरू होतो, टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि पंप बंद पडतो. पुरुषाचं शरीर असंच चालतं. टेस्टोस्टेरॉन वाढलं की ते मेंदूला कळतं आणि पिट्युटरीचा पंप मंदावतो. कमी झालं की पंप पुन्हा जोर धरतो. पातळी एका पट्ट्यात राहते.

बाईच्या शरीरातही महिन्याचे बहुतेक दिवस हाच फ्लोट काम करतो. पण महिन्यातून एकदा तो उलटा वागतो. इस्ट्रोजेन चढत चढत एका उंचीवर गेलं आणि तिथं जवळपास दोन दिवस टिकलं, की पंप बंद पडण्याऐवजी पूर्ण ताकदीनं सुरू होतो. एलएचचा लोंढा येतो आणि साधारण दीड दिवसात स्त्रीबीज बीजांडकोशातून बाहेर पडतं. पुरुषाच्या प्रौढ शरीरात हा उलटा झटका नसतो. महिन्याचं चक्र बाईलाच का, याचं उत्तर या एका झटक्यात आहे.

चोवीस तासांचं घड्याळ दोघांच्याही मनगटावर

रीलवाल्या वाक्याची पहिली चूक इथं आहे. २४ तासांचं चक्र 'पुरुषांचं' नाहीच, ते सगळ्यांचं आहे. डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथं एकमेकींना ओलांडतात, त्याच्या लगेच वर सुमारे वीस हजार पेशींचा पुंजका आहे. तो उजेड-अंधार बघून शरीराची वेळ लावतो. पेशींच्या आत हे घड्याळ कोणती जनुकं चालवतात, ते फळमाशीवर शोधणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं.

कॉर्टिसॉल हे ताणाचं म्हणून बदनाम झालेलं हार्मोन बाई आणि पुरुष दोघांतही पहाटेपासून चढतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. झोपेची वेळ झाल्याचं शरीराला कळवणारं मेलाटोनिन अंधार पडल्यावर वाढतं. वाढीचं हार्मोन गाढ झोपेत सुटतं. थायरॉइडच्या तपासणीत बघतात ते टीएसएच रात्री वर आणि दुपारी खाली असतं. हे सगळं ठाण्याहून सातची फास्ट पकडणाऱ्या बाईतही तसंच आणि तिच्या नवऱ्यातही तसंच.

पुरुषाचं वेगळेपण एवढंच की त्याचं मुख्य प्रजनन हार्मोनही याच रोजच्या तालावर नाचतं. तरुण पुरुषात टेस्टोस्टेरॉन सकाळी आठच्या आसपास सर्वांत वर असतं आणि संध्याकाळपर्यंत पाव हिश्शानं किंवा त्याहूनही खाली येतं. वय वाढेल तसा सकाळ-संध्याकाळचा हा फरक पुसट होतो.

पण 'सकाळी आठ' म्हणजे भिंतीवरचे आठ, असं समजू नये. टेस्टोस्टेरॉनची ही चढण मुख्यतः झोपेशी बांधलेली आहे. २०११ मध्ये अमेरिकेत दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरलं. दहाच माणसं होती, त्यामुळे आकडा दगडावरची रेघ मानायचं कारण नाही, पण दिशा स्पष्ट आहे. वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये लोकांची झोप लागलेली असते तेव्हा माथाडी कामगार भाजीच्या गोण्या उतरवत असतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने तीन पाळ्यांत चालतात. अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्या कंपन्यांच्या गाड्या पहाटे चारला घरी सोडतात. या माणसांची सकाळ कुठली? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्ये घड्याळ बिघडवणाऱ्या रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातलं, ते उगाच नाही. नऊ ते सहाची नोकरी कुणाच्या शरीराला मानवते यावर एवढी चर्चा होते, रात्री दहा ते सहाच्या नोकरीवर कुणी व्याख्यान ठेवत नाही.

आणि बाईच्या शरीरात त्यावर चढलेला महिना

पाळीचा पहिला दिवस हा चक्राचा पहिला दिवस धरतात. त्या वेळी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही तळाला असतात. पंप सुरू होतो, एफएसएच वाढतं, बीजांडकोशातल्या, बीज असलेल्या काही पिशव्या फुगू लागतात आणि त्यांतली एक पुढे निघते. ती इस्ट्रोजेन बनवते, त्यानं गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. मग वर सांगितलेला उलटा झटका, आणि बीज बाहेर.

रिकामी झालेली पिशवी वाया जात नाही. तिची पिवळसर ग्रंथी होते आणि ती प्रोजेस्टेरॉन बनवू लागते. या हार्मोनानं शरीराचं तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसनं चढतं, म्हणूनच रोज सकाळी थर्मामीटर लावून बीज कधी सुटलं याचा अंदाज घेता येतो. गर्भ राहिला तर त्याच्याकडून निघणारं हार्मोन या ग्रंथीला जगवतं (घरी लघवीवर करतात ती प्रेग्नन्सी टेस्ट तेच हार्मोन शोधते). गर्भ राहिला नाही तर दोन आठवड्यांच्या आत ग्रंथी सुकते, प्रोजेस्टेरॉन कोसळतं, अस्तराचा आधार जातो आणि पाळी येते.

गणपतीत किंवा घरच्या सत्यनारायणाला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या नेमक्या इथंच काम करतात. त्या प्रोजेस्टेरॉनसारख्या असतात. शरीरातली ग्रंथी सुकली तरी गोळी पातळी वर धरून ठेवते, अस्तर टिकतं. गोळ्या थांबवल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते. देवाला चालतं की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण ज्यांना रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका आहे त्यांच्यासाठी या गोळ्या साध्या नाहीत, आणि मेडिकलवाला ओळखीचा आहे म्हणून परस्पर आणायच्या तर मुळीच नाहीत.

आता त्या '२८' बद्दल. २०१९ मध्ये एका मोबाइल अॅपवर नोंदलेल्या सहा लाखांहून जास्त चक्रांचा अभ्यास छापून आला. सरासरी निघाली २९.३ दिवस, आणि बरोबर २८ दिवसांची चक्रं होती फक्त १३ टक्के. म्हणजे पुस्तकातली बाई आठांत जेमतेम एकदा सापडते. २१ ते ३५ दिवसांत येणारी पाळी डॉक्टर सहसा नेहमीची मानतात, आणि एकाच बाईची दोन चक्रंही सारखी नसतात.

बदल बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्यात होतो. पिशवी तयार व्हायला कधी बारा दिवस लागतात, कधी बावीस. बीज सुटल्यानंतरचा काळ त्यामानानं ठरलेला असतो. म्हणून पाळी आठ दिवस लांबली, तर त्याचं कारण परवाच्या भांडणात शोधू नये. तीन-चार आठवड्यांपूर्वी काय चाललं होतं ते आठवावं. ताप, प्रवास, परीक्षा, झपाट्यानं उतरवलेलं वजन. मेंदूनं तेव्हाच ठरवलं होतं की आत्ता नको.

मग पुरुषांना महिन्याचं काहीच नसतं?

पाळीसारखं, ठरलेल्या वेळी फिरून येणारं मासिक हार्मोनचक्र पुरुषात सिद्ध झालेलं नाही. 'पुरुषांचीही पाळी असते' असं ऐकलंत तर हसून सोडून द्या.

पण पुरुषाचं शरीर रोज तेच ते असतं, हेही खरं नाही. एक शुक्राणू बनून तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून डेंग्यूसारख्या मोठ्या तापाचा परिणाम शुक्राणूंच्या संख्येवर काही आठवड्यांनी दिसतो. फिलिपाइन्समध्ये सहाशेहून अधिक तरुणांचा काही वर्षं पाठपुरावा करून २०११ मध्ये निष्कर्ष छापले. जे बाप झाले त्यांचं टेस्टोस्टेरॉन बरंच खाली आलं, आणि मुलांची देखभाल जास्त करणाऱ्यांचं आणखी कमी होतं. बापानं मूल कडेवर घेतलं की त्याचं शरीरही बदलतं, आणि मला हे हार्मोनांच्या विषयातलं सगळ्यात लोभस निरीक्षण वाटतं.

वयाचा हिशोबही वेगळा. भारतात पाळी साधारण ४६-४७ च्या सुमारास जाते आणि इस्ट्रोजेन काही वर्षांत तळाला जातं. पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन तिशी-चाळिशीनंतर वर्षाला साधारण एका टक्क्यानं झिरपत राहतं.

पाळी चंद्राप्रमाणे येते का? आणि एकत्र राहणाऱ्या मुलींच्या पाळ्या जुळतात ना?

१९७१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एका अमेरिकन कॉलेजच्या वसतिगृहातल्या १३५ मुलींवरचा अभ्यास आला आणि पाळ्या जुळतात हा समज जगभर पसरला. नंतरच्या काटेकोर अभ्यासांत तो टिकला नाही. दोघींची चक्रं वेगवेगळ्या लांबीची असली की ती कधीतरी जवळ येणारच आणि पुन्हा लांब जाणारच. जवळ आलेली आपल्या लक्षात राहतात. चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा आणि पाळीचं चक्रही सरासरी जवळपास तेवढंच, हाही बहुतेक योगायोगच.

टेस्टोस्टेरॉन पुरुषांचं, इस्ट्रोजेन बायकांचं?

दोन्ही दोघांत असतात. बाईच्या रक्तात बहुतेक दिवस इस्ट्रोजेनपेक्षा टेस्टोस्टेरॉनच जास्त असतं. दोन्ही वेगवेगळ्या एककांत मोजतात म्हणून रिपोर्टमध्ये ते दिसत नाही. पुरुष आपलं थोडं टेस्टोस्टेरॉन इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि त्यावर त्याची हाडं टिकतात. साठीतल्या जोडप्यात नवऱ्याचं इस्ट्रोजेन बायकोपेक्षा जास्त असणं ही नेहमीची गोष्ट आहे. मिशीला पीळ देणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवावं.

चक्र बघून काम, व्यायाम, जेवण ठरवावं का?

'पहिल्या आठवड्यात विश्रांती, दुसऱ्यात प्रेझेंटेशन, तिसऱ्यात हिशोब' अशी वेळापत्रकं आता पैसे घेऊन विकली जातात. त्यांच्या मागे गृहीत धरलेलं असतं की हार्मोनं वरखाली होतात तशी बुद्धीही वरखाली होते. २०२५ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात शंभरहून अधिक अभ्यास एकत्र करून हेच तपासलं गेलं. स्मरणशक्ती, एकाग्रता, भाषा, आकारांची जाण, कशातही चक्राप्रमाणे ठरावीक फरक ठामपणे दिसला नाही.

याचा अर्थ बायकांना काहीच जाणवत नाही, असा नाही. पाळीआधी चिडचिड, सूज, झोपेची मोडतोड अनेकींना होते, आणि थोड्या बायकांत ती इतकी तीव्र असते की तिला औषध लागतं. पण ते त्या त्या बाईचं असतं. मैत्रिणीचं वेळापत्रक आपल्याला लागू पडेलच असं नाही. व्यायामाचंही तसंच, पाळीत चालायला-धावायला बरं वाटत असेल तर चालावं, पोटात मुरड मारत असेल तर पडून राहावं. यासाठी कोर्स घ्यायची गरज मला दिसत नाही.

'बाईचं शरीर फार बदलतं' या समजुतीनं खरं नुकसान प्रयोगशाळेत केलं. चक्रामुळे आकडे गोंधळतील म्हणून कित्येक वर्षं संशोधक नर उंदरांवरच काम करायचे. २०१४ मध्ये जवळपास तीनशे शोधनिबंध तपासले, तेव्हा कळलं की मादी उंदरांचे आकडे नरांपेक्षा जास्त हलत नाहीत. काही मोजमापांत उलट नरच जास्त हलतात. तोवर कितीतरी औषधांचे डोस अर्ध्या जगाला न विचारता ठरून गेले होते. अमेरिकेत १९७७ पासून गर्भ राहू शकणाऱ्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवलं होतं, ते १९९३ मध्ये बदललं.

मग पाळीची रजा कशासाठी?

दुखण्यासाठी. रजेचं कारण 'चक्र' नाही, कळा आहेत, आणि या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की बायकांचं नुकसान होतं.

प्रोजेस्टेरॉन कोसळलं की गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांनी गर्भाशय आवळलं जातं, त्याचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता तुटतो, कळा येतात. ज्यांना जास्त दुखतं त्यांच्यात ही रसायनं जास्त सापडतात. मेफेनॅमिक अॅसिडसारखी गोळी याच रसायनांची निर्मिती रोखते, म्हणून कळा सुरू होतानाच घेतली तर जास्त गुण येतो. 'अगदीच असह्य झालं की घेईन' म्हणणाऱ्या बायका उशीर करतात. अर्थात पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. दर महिन्याला ऑफिस बुडावं इतकं दुखत असेल, तर त्यामागे एंडोमेट्रिओसिस असू शकतो. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर वाढण्याचा हा आजार जगात दहातल्या सुमारे एका तरुण बाईला असतो, आणि 'बायकांना दुखायचंच' या वाक्याखाली तो वर्षानुवर्षं दडून राहतो.

बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या बायकांना महिन्याला दोन दिवस रजा १९९२ पासून आहे, तेव्हा कल्पना नवी नाही. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये केंद्राला आदर्श धोरणाचा विचार करायला सांगितलं आणि त्याच वेळी भीतीही बोलून दाखवली, की सक्ती केली तर मालक बायकांना नोकरीच द्यायचे नाहीत. भीती खोटी नाही. पण कंबरेत उसण भरलेल्या पुरुषाला आजारपणाची रजा देताना त्याच्या लायकीबद्दल कुणी शंका घेत नाही, तेवढंच माप इथं लावलं तरी पुरेसं आहे. विरार-पनवेलहून गर्दीत उभं राहून येणाऱ्या बाईला त्या एका दिवशी घरून काम करू दिलं, तरी अर्धा प्रश्न सुटतो.

रक्त कधी द्यायचं

ही चक्रं माहीत असल्याचा रोजच्या जगण्यातला सगळ्यात मोठा उपयोग पॅथॉलॉजी लॅबच्या दारात होतो. ओळखीतल्या एका गृहस्थांनी सवलतीच्या पॅकेजमध्ये संध्याकाळी सहाला रक्त दिलं, टेस्टोस्टेरॉन कमी आलं आणि लोक त्यांना जेल, इंजेक्शनं सुचवू लागले. डॉक्टरांनी सकाळी उपाशीपोटी पुन्हा तपासायला लावलं, आकडा ठीक निघाला. टेस्टोस्टेरॉन कमी आहे हे ठरवायला दोन वेगवेगळ्या सकाळच्या तपासण्या लागतात. रात्रपाळीवाल्यांनी लॅबमध्ये आणि डॉक्टरांना आपली झोपेची वेळ सांगावी. त्यांची सकाळ म्हणजे झोपून उठल्यानंतरचे पहिले काही तास. अंगावरचं दूध आणणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन मात्र झोपेत वाढतं, त्यासाठी उठल्यावर दोन-तीन तास थांबून जावं.

बायकांसाठी दिवस महत्त्वाचा. एफएसएच, एलएच, इस्ट्रोजेन पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बघतात, कारण तेव्हा टाकी तळाला असते आणि पंपाचा खरा जोर कळतो. बीज सुटलं का हे बघायला प्रोजेस्टेरॉनची तपासणी 'एकविसाव्या दिवशी' लिहून देतात, पण ते २८ दिवसांच्या चक्राचं गणित आहे. चक्र ३५ दिवसांचं असेल तर तीच तपासणी अठ्ठाविसाव्या दिवशी, म्हणजे पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी करायला हवी. नाहीतर रिपोर्ट 'कमी' येतो आणि बिचारी विनाकारण गोळ्या खात बसते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तिचं स्वतःचं चक्र झोपलेलं असतं, तेव्हा या तपासण्यांतून फारसं काही कळत नाही.

आणि केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत असाल तर लॅबमध्ये आधी सांगा. बऱ्याच लॅबच्या यंत्रांना मोठ्या डोसचं बायोटिन चकवतं, थायरॉइडपासून इस्ट्रोजेनपर्यंतचे आकडे खोटेच वर किंवा खाली दाखवतं. नेहमीच्या डोसला दोन दिवस आधी गोळी बंद ठेवली की सहसा पुरतं.